दुबईतल्या प्लंबरची गोष्ट कुपवाडात शूट करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पंचवीस मिनिटांच्या लघुपटाची संहिता तयार आहे. सांगली जिल्ह्यातल्या पलूसकडचा एक प्लंबर दुबईत काम करतो. तिथल्या एका घरात काम करणारी नेपाळी बाई त्याला भेटते, दोघांत काहीतरी जुळतं आणि शेवटी तो परत येतो. वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, "यात काही घडतच नाही." म्हणून तुम्ही विचारताय, गाणं टाकू का, निवेदन वाढवू का, आणि दुबईला जाऊन शूट करायची ऐपत नसताना हा विषय धरू की सोडू?

मी संकलक आहे. मिरजेत वाढले, आता सांगलीत बसून लघुपट आणि माहितीपट कापते. त्यामुळे माझं उत्तर लेखकाच्या खुर्चीतून कमी आणि एडिटिंगच्या टेबलावरून जास्त येईल, हे धरून चला. तुम्ही जोडलेली पानं नीट वाचली आहेत.

वाचणाऱ्यांची तक्रार खरी आहे, निदान मात्र चुकलंय. घटना कमी असल्याने ही संहिता रेंगाळत नाही. ती रेंगाळते कारण तुमच्या नायकाकडे वेळच वेळ आहे. तो खिडकीत उभा राहतो, समुद्राकडे बघतो, बागेतल्या बाकावर बसून राहतो. आखातात बांधकामावर असलेल्या माणसाकडे नेमकी हीच गोष्ट नसते. त्याचा दिवस विकलेला असतो. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. कामगारांच्या कॅम्पात आल्यावर अंघोळीची रांग, मग गॅसची रांग, मग भांडी, उद्याची डांगरी धुणं, आणि सहा-आठ जणांच्या खोलीत बंकचा पडदा ओढला की जे काही मिळेल ते. एकटेपणासुद्धा त्याला गर्दीतच उरकावा लागतो. असा माणूस दुसऱ्या कुणासाठी वीस मिनिटं काढतो, झोपेतून किंवा जेवणातून चोरून काढतो, तेव्हा पडद्यावर मोठी घटना घडलेली असते. पण ती वीस मिनिटं कुठून आली हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर त्याला दोन माणसं नुसती बसलेली दिसतात. तुमच्या वाचकांचं तेच झालंय.

म्हणून पहिलं काम घड्याळाचं. दुबई आपल्यापेक्षा दीड तासाने मागे आहे. तो संध्याकाळी सातला कॅम्पात पोचला तर पलूसला साडेआठ वाजलेले असतात. अंघोळ, स्वयंपाक, जेवण उरकून तो साडेआठला फोन हातात घेतो, तेव्हा इकडे दहा. दिवसभर द्राक्षबागेत नाहीतर भांगलणीत राबलेली बायको दहाला जागी असते का? नसते. म्हणजे त्याला दोनच पर्याय उरतात. जेवणाआधी, रांगेत उभ्या उभ्या बोलायचं, भोवती दहा माणसं ऐकत असताना. नाहीतर पहाटे बसमध्ये, तो साडेचारला निघतो तेव्हा इकडे सहा वाजलेले असतात आणि ती चुलीपाशी किंवा गोठ्यात असते. दोन्ही वेळा बोलणं होतं, पण मनातलं बोलता येत नाही. हे एवढं गणित प्रेक्षकाला कळलं की तुमच्या निवेदनातली 'मी इथे एकटा आहे' छापाची सगळी वाक्यं आपोआप गळून पडतील.

आता फोनबद्दलच, कारण इथे एक ढोबळ चूक आहे. तुमचा नायक दुबईतून बायकोला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात, कॉल चालत नाहीत, अडवलेले आहेत. तिथली माणसं बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात. ज्याचा भाऊ तिथे आहे असा एक प्रेक्षक तुमच्या पहिल्याच दृश्यात हसेल, आणि आपल्या भागात असा प्रेक्षक प्रत्येक गावात बसलेला असतो. पण हीच अडचण तुमच्या कामाची आहे. कॉल दरवेळी होत नाही म्हणून तो व्हॉइस नोट पाठवतो, ती सकाळी ऐकते, दुपारी उत्तर पाठवते, तो रात्री ऐकतो. नवराबायकोच्या बोलण्यात दिवसभराची फट पडते. लेखकाला याहून काय हवं?

आणि फोनवरचा संवाद पार बदला. "तुझी खूप आठवण येते, इथे सगळं परकं वाटतं" असं पलूसचा प्लंबर बायकोला म्हणत नाही. ते बोलणं साधारण असं असतं:

"जेवलासा?"
"व्हय. तू?"
"मगाच. काय केलतं?"
"डाळ-भात. टोळी आली का?"
"न्हाई. पुढच्या आठवड्यात म्हनत्यात."
"पैसं टाकल्यात."
"मिळालं."
"बरं."
"बरं, ठिवते."

'मिळालं' आणि 'बरं' यांच्या मधे पाच सेकंद कॅमेरा तसाच ठेवा. ती पाच सेकंदं तुमची कविता. बाकी सगळं ऊसतोड आणि डाळ-भात यांनाच बोलू द्या.

दोघं भेटतात कुठे, हा पुढचा प्रश्न. बाग मला पटत नाही. घरकाम करणारी बाई मालकाच्या घरात राहते, बाहेर पडायला परवानगी लागते. आठवड्याची सुट्टी कायद्यात आहे, ती प्रत्यक्षात किती मिळते हे घराघरावर ठरतं. कॅम्पात बाईमाणसाला प्रवेश नसतो. मग या दोघांना एका छताखाली आणणारी, कुणालाही वावगं न वाटणारी जागा कोणती? पैसे पाठवायचं मनी एक्स्चेंजचं दुकान. पगार झाला की दोघांनाही तिथे जावंच लागतं. काही ठिकाणी बायकांची रांग वेगळी असते, तीही वापरा: दोन समांतर रांगा, तिची भराभर सरकते, त्याची सरकत नाही.

या रांगेत आणखी एक मजा आहे जी मला फार आवडते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1997 पासून 1 डॉलरला 3.6725 दिरहम. त्यामुळे डॉलरसमोर रुपया घसरला की त्याच पगाराचे घरी जास्त रुपये होतात. इकडे बातम्यांत चिंता, तिकडे रांगेत खुशी. नेपाळी रुपयासुद्धा भारतीय रुपयाला बांधलेला आहे, 1 भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी. म्हणजे दोघंही दुकानातल्या दराच्या एकाच फलकाकडे एकाच आशेने बघतात. त्यांची पहिली ओळख दरावरून होऊ द्या. "आज भेजूँ या रुकूँ?" एवढं वाक्य पुरे. पुढच्या महिन्यात ती त्याच्या दिवसाला येते की नाही, यावर प्रेक्षक श्वास रोखून धरेल, कारण एक चुकलेला दिवस म्हणजे एक चुकलेला महिना.

तिच्याबद्दल तुमच्या पानांत फारच कमी आहे. ती हसते, केस सारखे करते, ऐकून घेते. हे माणूस झालं नाही. ती आली कशी हे ठरवा. नेपाळने 2017 मध्ये घरकामासाठी आखातात जाणाऱ्या महिलांवर बंदी आणली, तरी बायका जात राहिल्या. कित्येक जणी भारतातून, दिल्ली-मुंबईमार्गे गेल्या. अशा वाटेने आलेली बाई अडचणीत सापडली तर दूतावासाचं दार ठोठावताना दहा वेळा विचार करते. तिची शांतता आणि तुमच्या नायकाची शांतता या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला सांगावंसं वाटतं पण शब्द सुचत नाहीत. तिला शब्द सुचतात, पण सांगणं परवडत नाही. दोघांनाही एकाच सुरात गप्प बसवलंत तर मला टेबलावर दोघांची क्लोजअप एकामागून एक लावताना काहीच फरक दिसणार नाही.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. नायकाचं लग्न झालेलं आहे, हे तुम्ही चौथ्या पानावर सांगता आणि पुढे विसरता. बायको फक्त फोनवर ऐकू येते, आणि जेव्हा येते तेव्हा पैसे मागते. हे मला खटकलं. तुम्ही तिला कटकटी केलंत म्हणजे नायकाचं दुसरीकडे गुंतणं प्रेक्षकाला पचेल असा हिशोब दिसतो. हिशोब सोपा आहे आणि म्हणूनच लबाड आहे. ती कटकटी नसेल, चांगली असेल, तिचंही त्याच्यावर प्रेम असेल, तरी तो तिकडे त्या रांगेत आपला दिवस सांभाळून जातो, अशी गोष्ट लिहा. अवघड आहे, पण चित्रपट तिथेच आहे.

बायको तिथे का जाऊ शकत नाही, याचंही कारण द्या. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की माणूस बायकोला नेत नाही, कारण त्याला न्यायचं नसतं. अमिरातीत कुटुंबाला आणायचं तर पगार किमान 4,000 दिरहम लागतो, किंवा 3,000 आणि राहायची सोय. साध्या प्लंबरचा पगार त्याच्या आसपासही नसतो. म्हणजे त्या संसाराच्या मधे एक आकडा उभा आहे. एका दृश्यात कुणा फोरमनला पगारवाढीबद्दल विचारताना तो नेमका हा आकडा मनात धरून विचारतो, आणि फोरमन हसून तीनशे वाढवतो म्हणतो, एवढ्यात सगळं येईल. भाषण नको.

उन्हाळ्याबद्दल एक सुचवते, घ्यायचं तर घ्या. तिथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. कामगार सावलीला पुठ्ठा टाकून आडवे होतात. त्या वेळी पलूसला दोन ते साडेचार वाजलेले असतात, म्हणजे बायकोचीही जेवणानंतरची घटकाभर पाठ टेकायची वेळ. आणि मालकांची जेवणं होऊन घर झोपलं की त्या नेपाळी बाईलाही थोडी उसंत. तिघांना एकाच वेळी मोकळीक, तिघं तीन ठिकाणी, आणि कुणाचाही फोन कुणाला जात नाही. एक शब्द न बोलता हे तीन मिनिटं चालेल. मी आनंदाने कापून देईन.

गाणं टाकू का? मला माहीत आहे हा सल्ला कुठून येतो. सांगली पडली नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी 1843 साली इथे पहिला प्रयोग केला, तेव्हापासून आपल्याकडे माणूस दुःखात असेल तर त्याने गावं अशी रीत आहे, आणि मलाही नाट्यगीतं जीव की प्राण. पण तुमच्या नायकाच्या दुःखाला वरून गाणं लावलंत की प्रेक्षक त्याच्याकडे बघायचा थांबतो आणि गाणं ऐकायला लागतो. गाणं हवंच असेल तर ते खोलीतल्या कुणाच्या तरी फोनवर, निकृष्ट स्पीकरमधून, अर्धवट वाजू द्या, आणि दुसऱ्या कुणाला तरी "बंद कर, सकाळी चारला उठायचंय" असं ओरडू द्या. निवेदन मात्र नको. एकही ओळ नको.

शांतता ही टेबलावर तयार करता येत नाही, ती शूट करून आणावी लागते. नवे दिग्दर्शक संवाद संपला की लगेच 'कट' म्हणतात आणि मग माझ्याकडे येऊन "इथे जरा थांबवा ना" म्हणतात. थांबवू कशावर? फुटेजच नसतं. प्रत्येक शॉटच्या आधी दहा-पंधरा सेकंद आणि नंतर तेवढीच, कॅमेरा चालू ठेवा. नटाला सांगा की संवाद संपला तरी काम संपलेलं नाही: भांडं घासायचं, डांगरी पिळायची, नोटा मोजायच्या. हात कामात असताना चेहऱ्यावर येतं ते खरं असतं. शॉट किती वेळ ठेवायचा याला नियम नाही. मी एवढंच बघते की त्या चौकटीत अजून काही व्हायचं बाकी आहे का. नोटा मोजणारा माणूस लांबवता येतो, कारण बेरीज बाकी आहे. खिडकीतून बघणारा लांबवता येत नाही.

आणि आवाज. प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो आवाज असतो तो, किमान एक मिनिट, सगळ्यांना गप्प बसवून, वेगळा रेकॉर्ड करा. इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, कारण दुबई तुम्हाला दाखवण्यापेक्षा ऐकवायची आहे. कॅम्पातल्या खोलीत एसीची घरघर दिवसरात्र थांबत नाही. बाहेरचा हॉर्न, कावळा-कोकीळ, कुत्र्यांचं भुंकणं, यातलं काही आत पोचत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडच्या खोलीत शूट केलंत तर हे सगळं ट्रॅकवर येणार. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि संवाद शक्य तेवढा जवळून घ्या. पलूसच्या घराच्या दृश्यांत मात्र हेच सगळे आवाज भरपूर ठेवा. दोन्हींच्या मधे नुसता कट मारला तरी प्रेक्षक समुद्र ओलांडेल.

हो, कुपवाडच म्हणतेय. एमआयडीसीच्या आसपास परप्रांतातून आलेले कामगार भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहतात. त्यातली एखादी खोली दोन दिवस मिळाली तर तुमचा कॅम्प उभा राहतो. नुकसानभरपाई आणि जेवण द्या, चोरून काही करू नका. त्यांनाच बाजूच्या भूमिकांत घ्या. गावाकडे फोन कसा लावतात, पैसे कसे मोजतात, हे कुणी शिकवावं लागणार नाही. खोलीत बदलायच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्लगची सॉकेटं तिथे चौकोनी तीन पायांची असतात. चौकटीत आपलं गोल भोकांचं बोर्ड आलं की खेळ संपला, तेव्हा बोर्ड बदला किंवा झाका. बंक लोखंडी. खिडकीला आतून पुठ्ठा किंवा फॉइल, रात्रपाळीवाले झोपतात म्हणून. आणि जाड, मऊ, मोठ्या फुलांची ब्लँकेटं, कारण एसीमुळे तिथे जूनमध्येही पांघरूण लागतं. ही ब्लँकेटं आखातातून परतलेल्या कुठल्याही घरात मिळतील, मागून आणा. रस्ता दाखवू नका. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. बसच्या आतला शॉट रात्रीचा, काचेवर नुसते दिवे, एवढ्यावर भागतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तुमचा चुलतभाऊ तिथे आहे, तो मोबाइलवर कॅम्पचं शूटिंग करून पाठवेल असं तुम्ही लिहिलंय. करू देऊ नका. तिथे माणसांचे फोटो-व्हिडिओ त्यांच्या संमतीशिवाय घेणं हा गुन्हा आहे, आणि व्यावसायिक शूटिंगला परवाना लागतो. तुम्हाला चार शॉट मिळतील, त्याची नोकरी आणि व्हिसा पणाला लागेल. त्याच्याकडून हवी असेल तर माहिती घ्या: किती वाजता उठतो, रांग किती, भाजी कोण आणतं, कुणाशी पटत नाही.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, मी ठरवू शकत नाही. कथा कोणत्या सालात घडते? 2022 च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा. खासगी कंपन्यांत कुणाचा रविवार, कुणाचा शुक्रवार. आधीच्या सालात गोष्ट ठेवलीत तर शुक्रवार बिनधास्त सुट्टीचा धरा. दुसरं, लघुपट कुणासाठी आहे? महोत्सवासाठी असेल तर मी सांगितलेली संथ लय चालेल. विट्या-आटपाडीच्या एखाद्या हॉलमध्ये दाखवायचा असेल तर पंचवीसऐवजी अठरा मिनिटांवर या. लय तीच, दृश्यं कमी. त्या भागातले लोक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी पिढ्यान् पिढ्या देशभर पांगलेले आहेत, घरातला कर्ता माणूस लांब असणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ते शांतपणे बघतील, पण खोटं चालवून घेणार नाहीत. तिसरं, नटी. नेपाळी बोलणारी खरी मुलगी मिळेपर्यंत थांबा, मराठी मुलीला तोडकं हिंदी बोलायला लावू नका. ती मिळाली नाही तर पात्र बदला, पण नक्कल नको.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सांगली स्टँडवर तो उतरतो, मागे वळून बघतो, ते काढून टाका. त्याचा व्हिसा संपतोय हे त्या नेपाळी बाईला माहीत आहे, तरी ती पुढच्या महिन्याच्या दराबद्दल बोलते, आणि तोही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो. तिथे थांबलात तर परत येण्याची दोन पानं वाचतील आणि एक दिवसाचं शूटिंगही.

आता कामाला लागताना संहितेला हात लावू नका. एका मोठ्या कागदावर तीन रकाने पाडा, त्याचा, बायकोचा आणि तिचा, आणि पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत प्रत्येक तासाला कोण काय करतंय ते लिहा, भारतीय वेळ आणि दुबईची वेळ दोन्ही घालून. चुलतभावाकडून त्याचा रकाना तपासून घ्या, वहिनीकडून दुसरा. तिसरा भरणं सगळ्यात कठीण जाईल, त्यासाठी तिथे घरकाम करून आलेली कुणी बाई शोधून तिच्याशी निवांत बोला. तो कागद पाठवा, मग दृश्यांबद्दल बोलू.